शब्दांची उलटतपासणी : मोटिव्हेशन लेटर आणि क्षारपड रान

प्रश्न : माझी नात बी.एस्सी. अ‍ॅग्री झाली. आता नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात मृदाशास्त्र शिकायला जायचं म्हणते. अर्जासोबत ‘मोटिव्हेशन लेटर’ मागितलंय. पहिल्या खर्ड्यात तिनं लिहिलं, की हा विषय महत्त्वाचा आहे, यात संधी आहेत, तुमचं विद्यापीठ नावाजलेलं आहे. तिच्या सरांनी खर्डा परत दिला आणि समासात लिहिलं, ‘ही रीझन्स झाली, मोटिव्हेशन कुठाय?’ पोरगी मला विचारते, ‘आबा, या दोन्हींत फरक काय?’ मी म्हटलं, एक कारण, दुसरी प्रेरणा. ती म्हणाली, ‘ते डिक्शनरीतपण आहे. फरक सांगा.’ तिथं माझी बोलती बंद झाली. आमचं अडीच एकर रान क्षारपड झालंय. पोर नववीत असल्यापासून त्या पांढऱ्या पडलेल्या जागेतली माती बरण्यांत भरून माळ्यावर ठेवते, एवढं मला ठाऊक आहे. आता हे कारण की प्रेरणा, ते तुम्हीच सांगा.
— एक आजोबा, वाळवा तालुका

उत्तर : आबा, सरांनी तुमच्या नातीच्या समासात जे लिहिलं, तसंच एकदा माझ्याही कागदाच्या समासात लिहून आलं होतं. साल १९९८. मी तेव्हा एका जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. त्या वर्षी २१ जुलैच्या अधिसूचनेनं राज्यातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. मी मराठी लघुलेखनाची मिनिटाला १०० शब्दांची परीक्षा पास होते, त्यामुळे मला वाटलं, आता आपली चैन. पण ऐकलेला शब्द उतरवून घेणं वेगळं आणि न्यायाधीश साहेब इंग्रजीत बोलता बोलता मध्येच थांबून ‘याला मराठीत काय म्हणू या?’ असं विचारतात तेव्हा शब्द शोधणं वेगळं.

निकालपत्राचा साचा ठरलेला. आधी मुद्दे, समोर त्यांवरचे निष्कर्ष आणि खाली ‘रीझन्स’. हे काही शोभेचं मथळ्याचं काम नव्हे. निकालपत्रात मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि त्या निर्णयाची कारणं असलीच पाहिजेत, असं १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५४ सांगत होतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३९३ झालं. मी मथळा टाइप केला, ‘कारणे’. साहेबांनी पेन्सिलीनं पुढं ‘मीमांसा’ जोडलं आणि ‘णे’ची मात्रा खोडली. म्हणाले, ‘बाई, कारणं जगात पडलेली असतात. मी ती तोलून मांडतो, ती कारणमीमांसा.’ आजही मराठी निकालपत्रांत तुम्हाला हाच मथळा दिसेल.

त्याच निकालपत्रात पुढं ‘मोटिव्ह’ आलं. खटला खुनाचा होता. मी बेधडक टाइप केलं, ‘आरोपीस मयताचा खून करण्यास कारण होते.’ साहेबांनी हे वाक्य मोठ्यानं वाचलं आणि मला विचारलं, ‘आता हे ऐकून तुम्हाला काय वाटतं? बिचाऱ्याला कारण होतं, म्हणून केला! मी त्याला शिक्षा देतोय की त्याची बाजू मांडतोय?’ समासात पेन्सिलीनं एकच शब्द लिहून कागद परत आला : हेतू.

तो कागद मी टाकून दिला, पण गोष्ट डोक्यात राहिली. मराठीत ‘त्याला कारण होतं’ म्हटलं की अर्धी सुटका होते. रागवायला कारण होतं, उशीर व्हायला कारण होतं, म्हणजे ऐकणाऱ्यानं ते समजून घ्यावं अशी त्यात अपेक्षा असते. ‘त्याचा त्यात हेतू होता’ म्हटलं की उलट संशय वाढतो. बघा ना, ‘विनाकारण बोलला’ ही तक्रार आणि ‘हेतुपुरस्सर बोलला’ ही त्याहून मोठी तक्रार. कारण नसणं वाईट, हेतू असणं वाईट! दोन्ही शब्द एकाच अर्थाचे असते तर असं झालं नसतं.

तेव्हापासून मला एक सवय लागली. दोन शब्दांतला फरक कळेना की मी ते कुठल्या क्रियापदाच्या संगतीत बसतात ते बघते. माणसासारखंच आहे, ऊठबस कुणात आहे त्यावरून ओळख पटते. कारण आपण देतो, सांगतो, विचारतो, दाखवतो, काढतोसुद्धा (‘कारण काढून भांडला’). आणि मुख्य म्हणजे कारण पटतं किंवा पटत नाही. म्हणजे ती दोघांमधली वस्तू झाली. मी तुमच्यापुढं ठेवली, तुम्ही उचलून, वाजवून बघितली. सरकारी कर्मचाऱ्याला ‘कारणे दाखवा’ नोटीस येते. माझ्या नोकरीत मलाही एकदा आली होती, एक नस्ती भलत्याच कपाटात सापडली म्हणून. पण ‘हेतू दाखवा’ नोटीस कुणाला आल्याचं ऐकलंय? हेतू असतो, मनात धरला जातो, साधला जातो, आणि दुसऱ्यानं फक्त त्यावर शंका घ्यायची असते. तो शुद्ध असतो नाहीतर वाईट असतो. कारणासारखा ‘पुरेसा’ किंवा ‘अपुरा’ नसतो. प्रेरणेचं तर आणखी निराळं. ती मिळते. कुणाकडून तरी, कशातून तरी. ‘मी त्याला कारण दिलं’ हे एका वाक्यात उरकतं. ‘मी त्याला प्रेरणा दिली’ हे आपलं आपण म्हणायचं नसतं, ते त्यानं म्हणायचं असतं.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १८७२च्या पुरावा कायद्यात आठवं कलम हेतू, तयारी आणि आधीचं-नंतरचं वर्तन या तिन्हींना एकत्र बांधायचं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हेच सहावं कलम आहे. हेतू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्या आजूबाजूला काय घडलं ते बघायचं. घटना डोळ्यांनी पाहिलेला विश्वासू साक्षीदार असेल तर हेतू सिद्ध झाला नाही म्हणून खटला कोसळत नाही. सगळा पुरावा परिस्थितीजन्य असला की मात्र हेतूला वजन येतं. आणि ‘उद्देश’ हा आणखी तिसराच. फिर्यादीत ‘जिवे ठार मारण्याच्या उद्देशाने’ असतं, तो कृती करताना समोर धरलेला परिणाम. वार कशासाठी केला, तर मरावा म्हणून, हा उद्देश. मरावा असं का वाटलं, तर जमीन मिळावी म्हणून, हा हेतू. बाहेर आपण हे दोन शब्द खुशाल एकमेकांच्या जागी वापरतो, आणि लग्नपत्रिकेपासून ग्रामसभेपर्यंत त्यानं काही बिघडत नाही. कोर्टात बिघडतं.

आता एक दिवाणी दावा सांगते. दोन चुलतभावांचा, सामाईक बांधावरच्या आंब्याचा. एकानं झाड तोडलं, दुसऱ्यानं नुकसानभरपाई मागितली. तोडणारा पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, मुळ्या माझ्या विहिरीत उतरल्या होत्या, बांधकाम ढासळत होतं. कोर्ट कमिशनर जागेवर जाऊन आले. मुळ्या खरंच उतरल्या होत्या. कारण शंभर टक्के खरं. मग उलटतपासणी सुरू झाली.

‘मुळ्या कधीपासून दिसत होत्या?’

‘धा-बारा वर्सं झाली असतील.’

‘मग झाड याच वर्षी का तोडलं?’

गप्प.

‘यंदा तुमच्या पुतणीचं लग्न झालं. तुम्हाला पत्रिका होती?’

‘नव्हती.’

माझी पेन्सिल भरभर चालली होती, तीही क्षणभर थबकली. कारण बारा वर्षांचं होतं, हेतू दोन महिन्यांचा. निकालपत्रात त्या लग्नाबद्दल एक ओळही आली नाही, यायची गरजही नव्हती. झाड कुणाचं, तोडायचा हक्क होता का आणि नुकसान किती, एवढंच तिथं बघायचं होतं. पण त्या वकिलांचा प्रश्न मी जन्मभर वापरला. मुलाच्या शाळेत वापरला, सासरी वापरला, आता तुमच्या नातीसाठी देते. कारण विचारायचं असेल तर ‘का?’ पुरतं. हेतू किंवा प्रेरणा हवी असेल तर विचारायचं, ‘याच वर्षी का? आणि तूच का?’

तिचा पहिला खर्डा या प्रश्नापुढं धरून बघा. मृदाशास्त्र महत्त्वाचं आहे. असेलच, पण ते सगळ्यांसाठीच आहे. संधी आहेत. त्याही सगळ्यांना. विद्यापीठ नावाजलेलं आहे, हे तर त्या विद्यापीठाला आधीच ठाऊक. ही तिन्ही कारणं खरी आहेत आणि तिच्या जागी दुसऱ्या कुणाचंही नाव घातलं तरी ती खरीच राहतील. सरांनी खर्डा परत केला तो म्हणूनच.

इथं थोडं व्याकरण बोलते, कारण (हे उभयान्वयी अव्यय, त्याबद्दल खाली आणखी एक पत्र आहे) आपल्या भाषेनं हा फरक नामांपेक्षा शब्दयोगी अव्ययांत जास्त बारकाईनं जपलाय. ‘मुळे’ हे मूळ या शब्दातून आलं. पावसामुळे, तापामुळे, तुझ्यामुळे. झाडाला मूळ असतं तसं घटनेला कारण. मन असो वा नसो, ते चालतं. ‘पोटी’ मात्र पोटातून येतं. मायेपोटी, भीतीपोटी, आकसापोटी, गैरसमजापोटी. ‘पावसापोटी शाळा बंद’ असं कुणी म्हणत नाही, कारण पाऊस आपल्या पोटात नसतो. (घरभाड्यापोटी दिलेले पैसे हा व्यवहारातला ‘पोटी’ निराळा, तो ‘च्या बदल्यात’ या अर्थाचा.) आणि तिसरा ‘पायी’. दारूपायी, हट्टापायी, जमिनीपायी. ‘पायी’ आला की ओळखावं, काहीतरी गमावलंय. ‘अभ्यासापायी पहिला आला’ हे वाक्य कानाला लागलीच टोचतं. ‘अभ्यासापायी डोळे गेले’ हे चालून जातं. मूळ, पोट आणि पाय. कारण, हेतू आणि किंमत. हे कुठल्या समितीनं बसून ठरवलेलं नाही.

आणखी एक, तुम्हा शेतकऱ्यांना पटेल असं. ‘म्हणून’ हा एकच शब्द बघा.

पाऊस आला म्हणून बेडूक ओरडले.
पाऊस यावा म्हणून पोरांनी धोंडी काढली.

पहिल्या वाक्यात पाऊस मागं आहे, तो आधी झाला आणि त्यानं ढकललं. दुसऱ्यात पाऊस अजून आलेलाच नाही, तो पुढं आहे आणि ओढतोय. ‘म्हणून’ तोच, फक्त ‘आला’चं ‘यावा’ झालं. शाळेत आपण याला विध्यर्थ म्हणून घोकलं, पण कारण आणि हेतू यांच्यातली सीमा त्या ‘यावा’मधून जाते हे मला फार उशिरा, एका अपिलाचा मसुदा टाइप करताना उमगलं.

तुमचं रान घ्या. राग मानू नका आबा, पण पाणी तुम्हीच पाजलंत. काळी भारी जमीन, खाली निचरा नाही, वर ऊस, आणि पाणी येईल तेव्हा पाटानं सोडायचं. जमिनीखालचं पाणी वर वर येत गेलं, उन्हानं ते उडून गेलं आणि त्यातला क्षार पृष्ठभागावर पांढरा होऊन बसला. कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरज, पलीकडं शिरोळ, सगळीकडं ही एकच कहाणी आहे. यात कारण अगदी स्वच्छ सांगता येतं : जादा पाणी आणि तुंबलेला निचरा. हेतू काय होता? ऊस वाढावा, चार टन जास्त निघावा. ‘वाढावा’, ‘निघावा’. रान क्षारपड व्हावं असा हेतू गावात एकाचाही नव्हता. ते झालं ते हेतूमुळे नाही, हेतूपोटी केलेल्या कामामुळे झालं. परिणामाला नेहमी कारण असतं, पण हेतू असतोच असं नाही. नातीला हे वाक्य पत्रात घालू द्या नाहीतर नका देऊ, पण तिला मातीच्या निमित्तानं ते आधीच माहीत आहे.

संस्कृतात काय म्हटलंय असं तुम्ही पुढच्या पत्रात विचारणार, म्हणून आत्ताच सांगते. गंमत अशी, की ‘हेतु’चा न्यायशास्त्रातला (कोर्टाच्या नव्हे, जुन्या तर्काच्या शास्त्रातला) अर्थ आजच्या मराठीच्या जवळजवळ उलट आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे, हे त्या शास्त्राचं ठेवणीतलं उदाहरण. त्यात धूर हा ‘हेतु’. आता धुरामुळे काही आग लागत नाही. आगीमुळे धूर होतो. म्हणजे आग हे धुराचं कारण आणि धूर हा आग आहे असं मानण्याचा आधार. दोन्ही त्यांनी वेगळे ठेवले. आपण मराठीत ‘डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय’ असं बेलाशक म्हणतो आणि एकाच ‘कारण’वर दोन्ही ओझी लादतो. माझ्या साहेबांनी ‘कारणे’पुढं ‘मीमांसा’ जोडलं ते बहुधा हेच ओझं वाटून घ्यायला. तिकडं गीतेत ‘मा कर्मफलहेतुर्भूः’ म्हटलंय, तिथं हेतु जवळजवळ आपल्याच अर्थानं येतो, कर्माच्या फळासाठी कर्म करणारा होऊ नकोस. शब्दाचं मूळ ‘हि’ या धातूत आहे, त्याचा अर्थ धाडणं, पुढं ढकलणं. प्रेरणेतला ‘ईर्’ही तसाच, हलवणारा, चालना देणारा. म्हणजे मुळात दोघे भाऊच. एक कोर्टात गेला आणि बदनाम झाला, दुसरा फ्लेक्सवर गेला आणि...

हो, फ्लेक्स. ‘प्रेरणा’ या शब्दाचे सध्या हाल आहेत. चौकाचौकात कुणी ना कुणी कुणाचं तरी ‘प्रेरणास्थान’ असतं, आणि फलकावर प्रेरणास्थानाचा फोटो जितका मोठा तितकी निवडणूक जवळ. तिथं हेतू उघड असतो, म्हणून मला त्यात फसवणूकही वाटत नाही. २०१५पासून १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी, आपण ‘वाचन प्रेरणा दिन’ करतो. चांगलं आहे. पण माझ्या ओळखीच्या एका शाळेत त्या दिवशी सगळ्या पोरांना मैदानात उन्हात बसवून पुस्तक हातात धरायला लावलं, फोटो काढले आणि पुस्तकं कपाटात गेली. पोरांना त्या दिवशी वाचायला कारण मिळालं : बाईंनी सांगितलं. प्रेरणा शिकवणीच्या फीसारखी भरता येत नाही. ती कुठून तरी झिरपते, आणि बरेचदा अशा जागेतून, की सांगायला माणूस लाजतो.

माझंच सांगते. मी लघुलेखन का शिकले, असं मला मुलाखतीत विचारलं होतं. मी सांगितलं, वडील निवृत्त होणार आहेत, धाकटी दोन भावंडं शिकतायत, सरकारी नोकरी हवी. सगळं खरं होतं, साहेब लोकांनी माना डोलावल्या. खरी गोष्ट अशी, की आमच्या गल्लीत पिठाच्या गिरणीवर माडीवर टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मी दळणाचा डबा घेऊन खाली नंबर लावून उभी असायची. वरून पंधरा-वीस यंत्रांचा आवाज यायचा, ओळ संपली की घंटी आणि मग गाडा सरकवल्याची खर्र. खाली गिरणी, वर तो आवाज. मला वाटायचं, वर कुणीतरी सगळं भराभर लिहून संपवतंय आणि मी खाली पिठात उभी आहे. बास, एवढंच. हे मुलाखतीत सांगितलं असतं तर हसले असते. पण इन्स्टिट्यूटची फी भरायला पैसे नव्हते तेव्हा मी चार महिने शिवणकाम केलं, ते भावंडांसाठी केलं असं मला आजही म्हणवत नाही.

म्हणून आबा, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. रान क्षारपड झालं, हे कारण. ते तुमच्या शेजाऱ्याच्या नातवालाही लागू आहे, आणि तो कदाचित पुण्यात कॉम्प्युटरवर बसला असेल. माळ्यावरच्या बरण्या ही प्रेरणेची खूण. प्रेरणा स्वतः त्यात नाही, ती पोरीकडं आहे. पण कोर्ट जसं वर्तनावरून हेतू ओळखतं, तसं वाचणाऱ्याला बरण्यांवरून ओळखता येईल. नववीतल्या पोरीला कुणी प्रकल्प दिला नसताना, गुण मिळणार नसताना ती माती का भरत होती? तिला विचारा, पण ‘का गं?’ असं नको. ‘पहिली बरणी कधी भरलीस, त्या दिवशी काय झालं होतं?’ असं विचारा. आणि ती सांगेल ते ऐकून घ्या, मध्ये ‘हो, तेव्हा मीच म्हटलं होतं’ असं घालू नका. आजोबांना ही सवय असते.

एक धोक्याची सूचनाही देते. हल्ली अशी पत्रं लिहून देणारे लोक आहेत, ते बरण्या ऐकल्या की त्यात अश्रू ओततील. ‘माझ्या आजोबांच्या डोळ्यांतलं पाणी आणि शेतातलं मीठ’ वगैरे. ते नको. बरणीवर तिनं काय लिहिलं होतं, तारीख होती का, किती बरण्या झाल्या, त्यातली माती कोरडी पडल्यावर कशी दिसते, एवढं लिहिलं तरी पुष्कळ. कारणंही काढून टाकायची गरज नाही. विद्यापीठ का निवडलं हे सांगावंच लागतं, फक्त ते दुसऱ्या परिच्छेदात जाऊ दे.

प्रश्न : ‘कारण की’ असं लिहिलं की आमचे मुख्याध्यापक लाल रेघ मारतात. ते चूक आहे का?
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : चूक म्हणता येणार नाही. शाळेच्याच व्याकरणाच्या पुस्तकांत कारणबोधक उभयान्वयी अव्ययांच्या यादीत ‘कारण’, ‘का’, ‘की’ यांच्या सोबत ‘कारण की’ आणि ‘का की’ छापलेलं असतं. मुख्याध्यापकांना तेवढं पान उघडून दाखवा. लिहिताना मी स्वतः नुसतं ‘कारण’ वापरते, तेवढ्यानं भागतं. बोलताना माणूस ‘कारण की...’ म्हणून पुढचा विचार जुळवायला अर्धा सेकंद मिळवतो, आणि तो त्याला मिळू द्यावा. मला जास्त खटकतं ते ‘याचं कारण म्हणजे कारण...’ हे, आणि ते मी टीव्हीवर रोज ऐकते.

प्रश्न : कार्यालयीन अर्जात ‘सबब, विनंती की’ असं असतं. घरी आई म्हणते, ‘सबबी सांगू नकोस.’ एकच शब्द दोन ठिकाणी इतका वेगळा कसा?
— एक विद्यार्थी, अकोला

उत्तर : शब्द अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याचा मूळ अर्थ साधा ‘कारण’. दप्तरात तो वाक्यांना जोडणारा झाला. ‘वरील कारणास्तव’ म्हणायच्या ऐवजी ‘सबब’, म्हणजे ‘म्हणून’. मी आयुष्यात किती हजार ‘सबब’ टाइप केले असतील देव जाणे. अर्जाचा शेवट जवळ आला की बोटं आपोआप त्याच कळांवर जायची. घरात मात्र तो अनेकवचनी झाला आणि घसरला. खरं कारण बहुधा एक असतं, सबबी तीन-चार असतात. तुझ्या आईला संशय आला तो शब्दाचा नाही, संख्येचा. निमित्ताचंही असंच झालंय. न्यायशास्त्रात घडा घडवणारा कुंभार हे घड्याचं निमित्तकारण, म्हणजे मानाची जागा. आपल्याकडं निमित्त झालं समारंभाचं (‘वाढदिवसानिमित्त’) नाहीतर बहाण्याचं (‘डोकं दुखायचं निमित्त करून उठला’).

उलट ‘कारण’ एकदा वर चढलाय. ‘आम्ही वैकुंठवासी, आलो याचि कारणासी’ असं तुकाराम म्हणतात, तिथं कारण म्हणजे प्रयोजन, ज्यासाठी आलो ते. ‘आयुष्य सत्कारणी लागलं’ यात तोच जुना अर्थ जिवंत आहे. ‘राजकारण’मध्येही होता. तिथं अजून आहे का, यावर मी निवृत्त असले तरी मत देणार नाही.

प्रश्न : हेतु की हेतू?
— एक मुद्रितशोधक, ठाणे

उत्तर : एकटा असेल तर दीर्घ, हेतू. मराठीत तत्सम शब्दातला शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा नियम आहे. समासात पुढं दुसरा शब्द आला की मुळाप्रमाणं ऱ्हस्व : हेतुपुरस्सर, हेतुपूर्वक. वर मी न्यायशास्त्राचा ‘हेतु’ ऱ्हस्व ठेवलाय, कारण तो संस्कृत शब्द म्हणूनच उद्धृत केलाय. तेवढा तरी दुरुस्त करू नका, मागच्या अंकात केला होता.